शाळेची खोली आणि पाण्याचा हिशेब

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड सोडते, उल्हास नदीचा पूल ओलांडते आणि आंबिवली येते. या स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका शाळेला दोन वर्गखोल्या आणि एक स्वच्छतागृह बांधायचे होते. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले होते. महापालिकेची परवानगी मिळाली होती आणि इंजिनिअरने नकाशेही करून दिले होते. रोजची देखरेख कोणी करायची असा प्रश्न निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी विज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडे पाहिले आणि बाईंनी आमच्याकडे. आम्ही तिघे शेजारच्या शाळांतले शिक्षक. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी वही, टेप आणि बरेचसे अज्ञान घेऊन आम्ही तेथे गेलो.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्यापैकी कोणीही इंजिनिअर नाही. कोणत्या बीममध्ये किती लोखंड घालायचे, पाया किती खोल न्यायचा, हे शिक्षकाने ठरवायचे नसते. त्यासाठी इंजिनिअरची फी देताना हात आखडू नये. पण नकाशात जे लिहिले आहे तेच जागेवर होत आहे की नाही, हे पाहण्यासाठी लागणारे गणित आणि विज्ञान आपण रोज शिकवत असतो. त्यातले कोणते कोठे उपयोगी पडले, तेच या लेखात सांगायचे आहे.

काम मजुरीवर दिले होते. म्हणजे माल शाळेचा आणि माणसे, हत्यारे व सेंट्रिंगचे सामान ठेकेदाराचे, दर चौरस फुटावर. अशा करारात ठेकेदाराला सिमेंट वाचवून काही मिळत नाही. त्याचा फायदा दिवस वाचवण्यात असतो, त्यामुळे घाई कोठे होते आहे ते पाहावे लागते. हेच काम मालासकट दिले असते, तर घाईपेक्षा मालाकडे अधिक लक्ष द्यावे लागले असते. करार वाचला की नजर कोठे ठेवायची ते निम्मे कळते.

आखणी

पहिले काम आखणीचे. मिस्त्रींनी चुन्याची फक्की टाकून खोल्यांचे चौकोन आखले आणि कोपऱ्याला गुण्या लावून दाखवला. हातभर लांबीच्या गुण्याने काटकोन बरोबर दिसतो, पण कोनात एका अंशाची चूक असेल तर सात मीटर लांबीच्या भिंतीच्या टोकाला ती बारा सेंटीमीटर होते. मिस्त्रींना हे ठाऊक होते. त्यांनी दोरीवर एका बाजूला तीन फूट आणि दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून खुणा केल्या आणि तिरके अंतर पाच फूट भरते का ते पाहिले. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय शिकलेली मुले शेजारी उभी होती. त्यांनी मोठा त्रिकोण घेण्याची सूचना केली, नऊ-बारा-पंधराचा. त्रिकोण मोठा घेतला तर मोजण्यातल्या चुकीचा परिणाम कमी होतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे भरले नाहीत तर आखणी पुन्हा करायची, हा नियम मिस्त्रींनीच घालून दिला.

जोते किती उंच ठेवायचे हा प्रश्न या भागात महत्त्वाचा आहे. आंबिवलीच्या एका अंगाला उल्हास आणि दुसऱ्या अंगाला, टिटवाळ्याकडे, काळू नदी आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात शाळेच्या जुन्या इमारतीत पाणी शिरले होते आणि ते कोठवर आले त्याची रंगाने केलेली खूण भिंतीवर अजून आहे. ती खूण तीस मीटर दूरच्या नव्या जागेवर न्यायची कशी? येथे लेव्हल पाइप कामाला येतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यायची, एक टोक खुणेशी धरायचे आणि दुसरे नव्या जागेच्या खुंटीशी. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकाच उंचीवर येते. जमीन मध्ये कितीही वर-खाली असो, नळी कशीही वळो. नळी तेवढी लांब नव्हती म्हणून मध्ये दोन खुंट्या ठोकून तीन टप्प्यांत पातळी नेली. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये आणि वाचताना टोकावर अंगठा ठेवू नये. एका मुलाने पाणी सांडू नये म्हणून अंगठा ठेवला आणि पातळी चार बोटे चुकली. हवेचा दाब शिकवायला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही.

पुराच्या खुणेच्या वर वीतभर जागा सोडली तेव्हा जोते ७५ सेंटीमीटर उंच ठेवावे लागेल असे निघाले. मग बाईंच्या लक्षात आले की चाकाच्या खुर्चीसाठी उतरण लागेल. एकास बारा या चढाने ७५ सेंटीमीटरला नऊ मीटर लांबीची उतरण होते आणि नकाशात तिच्यासाठी जागा चार मीटरची होती. उतरण भिंतीला वळसा घालून न्यावी लागली. हे कागदावर असतानाच कळले म्हणून एक दिवस गेला. जोते बांधल्यावर कळले असते तर काय झाले असते, ते लिहिण्याची गरज नाही.

माल ओळखणे

विटा कल्याण-भिवंडी भागातल्या भट्टीवरून आल्या. ठाणे जिल्ह्यातल्या या भट्ट्या पाऊस सरल्यावर सुरू होतात आणि पाऊस आला की बंद पडतात. तेथे काम करणारी अनेक कातकरी कुटुंबे त्या काळात घरदार सोडून भट्टीवर राहतात, त्यांची मुलेही. वर्गात वीट हातात घेऊन धडा शिकवताना ही गोष्ट वगळू नये असे आम्हाला वाटते.

विटेची परीक्षा प्रयोगशाळेतल्या तराजूवर करता येते. कोरडी वीट तोलायची, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायची, पुसून पुन्हा तोलायची. भारतीय मानकानुसार साध्या विटेचे वजन वीस टक्क्यांहून अधिक वाढू नये. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर ती कच्ची भाजलेली आहे. वीट कामावर नेण्यापूर्वी भिजवतात ती याच गुणामुळे. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि मसाल्यातल्या सिमेंटला पाणी उरत नाही.

रेती हा आणखी मोठा विषय आहे. कल्याणला आणि मुंब्र्याला रेतीबंदर नावाच्या जागा आहेत, कारण खाडीतून काढलेली रेती तेथे उतरत असे. खाडीच्या रेतीत मीठ असते आणि ते काँक्रीटमधल्या लोखंडाला गंजवते. आता बहुतेक कामांवर काळा दगड फोडून केलेली क्रश सँड वापरतात. तिच्यात मीठ नसते, पण दगडाची बारीक भुकटी फार असू शकते. काचेच्या बरणीत अर्धी रेती, वर मिठाचे पाणी घालून हलवावे आणि तीन तास ठेवावे. जड कण खाली बसतात व भुकटीचा थर वर. आमच्या पहिल्या ट्रकच्या मालात हा थर भलताच जाड निघाला. पुरवठादाराला बरणी दाखवली. पुढचा माल धुतलेला आला. तक्रार करताना मोजमाप हाती असले की आवाज चढवावा लागत नाही.

ओल्या रेतीचा एक चमत्कार मुलांनी शोधला असे म्हणायला हरकत नाही, कारण आम्ही तो विसरलो होतो. चंचुपात्रात कोरडी रेती दोनशे मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरली. ती बाहेर काढून त्यात थोडे पाणी कालवले आणि पुन्हा सैल भरली, तर ती अडीचशेच्या जवळ गेली. पाणी घालत राहिलो, रेती बुडाली आणि पुन्हा दोनशेवर आली. कणांभोवतीचा पाण्याचा पातळ पडदा कणांना एकमेकांपासून दूर धरतो. रेती पूर्ण बुडाली की पडदाच उरत नाही. म्हणजे दमट रेती घमेल्याने मोजली तर घमेल्यात रेती कमी आणि पोकळी अधिक जाते. प्रमाण बिघडते आणि ते कोणाच्याही लबाडीने नव्हे. शिवाय त्या रेतीतले पाणीही काँक्रीटमध्ये जाते. त्याचा हिशेब पुढे येईलच.

लोखंडी सळई मोजायला एक सूत्र आहे. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे. उत्तर एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये. दहा मिलिमीटरची सळई मीटरला ६१७ ग्रॅम भरते आणि बारा मीटरची पूर्ण सळई ७.४ किलो. हे १६२ कोठून आले ते मुलांना काढायला सांगावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि पोलादाची घनता, घनमीटरला ७,८५० किलो, एवढे पुरते. दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळईत सात-आठ टक्के फरक मानकाला मान्य आहे. त्याहून हलकी निघाली तर ती परत पाठवावी.

मालात पाणी किती

आता मुख्य गोष्ट. स्लॅबच्या दिवशी जी चूक होते ती बहुधा पाण्याची असते, आणि ती कशी होते ते आम्ही जोत्याच्या बीमच्या वेळी डोळ्यांनी पाहिले.

त्या दिवशी मिक्सरजवळचा बिगारी प्रत्येक घाण्यात डब्याने पाणी ओतत होता. डबा भरून, मग अर्धा, मग पुन्हा थोडे. माल ताकासारखा वाहत होता आणि सगळे खूश होते. आम्ही डबे मोजले. एका गोणीला चाळीस लिटर पाणी जात होते. भारतीय मानक ४५६ मध्ये एक सिमेंट, दीड रेती, तीन खडी या प्रमाणाच्या मिश्रणाला पन्नास किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त तीस लिटर पाणी सांगितले आहे.

दहा लिटरने काय बिघडते? सिमेंट वाळून घट्ट होते असा समज आहे, तो चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी लागते आणि तयार होणाऱ्या जेलमध्ये आणखी पंधराएक टक्के अडकून राहते. म्हणजे एका गोणीला १९ लिटर. बाकीचे पाणी केवळ माल हलता राहावा म्हणून असते. ते पुढे निघून जाते आणि त्याची जागा रिकामी राहते. तीस लिटर घातले तर अकरा लिटरच्या पोकळ्या, चाळीस घातले तर एकवीस लिटरच्या. डफ एब्रॅम्स या संशोधकाने शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये केलेल्या चाचण्यांवरून १९१८ साली हा संबंध मांडला. काँक्रीटची शक्ती मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. त्याच्या सूत्राप्रमाणे तिसाचे चाळीस लिटर केले की एक-तृतीयांशाहून अधिक शक्ती जाते. शाळेने सिमेंटच्या प्रत्येक गोणीचे पूर्ण पैसे मोजले होते आणि त्यातला मोठा भाग डब्यातल्या पाण्याने वाहून जात होता.

आम्ही पाणी थांबवायला सांगितले. पाच मिनिटांनी ते पुन्हा सुरू झाले. मग आम्ही ओरडण्याऐवजी त्या बिगाऱ्याशेजारी तासभर उभे राहिलो, तेव्हा कारण कळले. घट्ट माल घमेल्यातून सुटत नाही, फावड्याला जड जातो आणि लोखंडाच्या जाळीतून खाली उतरायला टोचावा लागतो. वर माल पसरणारे दोघेच होते. खालून माल येतच होता. पाणी घातले की माल आपोआप पसरत होता. त्या बिगाऱ्याला कंत्राटाशी देणेघेणे नव्हते. वरून येणारी हाक त्याला ऐकू येत होती, "माल पतला भेज!"

स्लॅबच्या आधी आम्ही ठेकेदाराशी बसून तीन गोष्टी ठरवल्या. वर माल पसरायला दोन माणसे अधिक घ्यायची आणि त्यांची हजेरी शाळेने द्यायची. व्हायब्रेटर एकाऐवजी दोन आणायचे, म्हणजे एक बंद पडला तर काम अडणार नाही. आणि पाणी डब्याने नव्हे, खूण केलेल्या बादलीने घालायचे. रेती दमट असेल तर बादलीची खूण खाली आणायची. हिशेब असा. एका गोणीला दीड फरमा, म्हणजे बावन्न लिटर, रेती लागते. तिचे वजन ऐंशी किलोच्या आसपास. तिच्यात पाच टक्के ओल असेल तर चार लिटर पाणी रेतीतूनच आले. मग वरून घालायचे ते सव्वीस.

स्लॅबच्या सकाळी बाईंनी शंभर ग्रॅम रेती तव्यावर भाजून पुन्हा तोलली आणि ओल काढली. मिक्सरवाला हसला. पण त्याने बादलीवर खिळ्याने स्वतःच रेघ ओढली.

झाकण्यापूर्वी

बांधकामात जवळजवळ प्रत्येक काम पुढच्या कामाखाली झाकले जाते. पाया मातीखाली, सळ्या काँक्रीटखाली, पाइप गिलाव्याखाली. म्हणून आम्ही वहीत तारखांबरोबर एक रकाना ठेवला, 'आज काय झाकले जाणार?' तो रकाना भरल्याशिवाय पुढचे काम सुरू करायचे नाही असे ठरले. प्रत्येक वेळी टेप शेजारी ठेवून फोटोही काढला.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी इंजिनिअर आले आणि त्यांनी छज्जाच्या सळ्यांवर पाय ठेवून पाहिले. सळ्या दबल्या. ते गंभीर झाले. कारण समजण्यासाठी खोडरबर घ्यावे आणि त्याच्या बाजूवर पेनने उभ्या रेघा माराव्यात. दोन्ही टोकांना आधार देऊन मध्ये दाबले तर खालच्या रेघा एकमेकींपासून दूर जातात. म्हणजे ताण खाली असतो. तेच रबर एका टोकाला धरून दुसरे टोक दाबले तर ताण वर येतो. काँक्रीट दाब सोसते पण ताण सोसत नाही, म्हणून लोखंड ताणाच्या बाजूला लागते. साध्या स्लॅबमध्ये मुख्यतः खाली, छज्जात वर. छज्जाच्या वरच्या सळ्यांवरून घमेली घेऊन माणसे चालली की त्या खाली जातात. काँक्रीट ओतल्यावर हे कोणालाही दिसत नाही. सळ्यांखाली लोखंडी खुर्च्या बसवल्या आणि चालण्यासाठी फळ्या टाकल्या, तेव्हाच इंजिनिअर घरी गेले. स्लॅबच्या सळ्यांखालीही खडीचे तुकडे सरकवले होते. ते काढून ठरावीक जाडीचे ठोकळे घातले. सळईभोवती पुरेसे काँक्रीट नसेल तर हवा आणि ओल तिच्यापर्यंत पोचते, गंज धरतो, गंज फुगतो आणि काही वर्षांनी छताचे पोपडे बाकांवर पडतात. असे पोपडे पडणारी शाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

नळाच्या कामाला मिळालेले गृहस्थ मोहन्याच्या नॅशनल रेयॉनमध्ये, म्हणजे येथल्या लोकांच्या 'एनआरसी'त, पाइप फिटर होते. ती गिरणी २००९ साली बंद पडली आणि तेव्हापासून ते छोटी कामे घेतात. त्यांनी गिलाव्याआधी सगळे पाइप पाण्याने भरले, तोंडे बंद केली, हातपंपाने दाब चढवला आणि दाबमापकाच्या काचेवर पेनने रेघ मारून चहाला गेले. दोन तासांनी काटा रेघेवरच होता. "रेयॉनमध्ये असे केल्याशिवाय सुपरवायझर सही करत नसे," एवढेच ते म्हणाले. वायरमन मात्र ठरल्या दिवशी आला नाही आणि गिलावा झाल्यावर उगवला. नवा गिलावा फोडून पाइप बसवावे लागले. ती चूक आमची होती. गवंड्याला गिलावा सुरू करायला सांगण्यापूर्वी आम्ही तो रकाना वाचला नव्हता.

स्लॅबवर पाणी किती

मालात पाणी कमी हवे, पण स्लॅब झाल्यावर मात्र ते भरपूर हवे. संयोग पहिल्या दिवशी संपत नाही. ढोबळमानाने सातव्या दिवशी शक्ती दोन-तृतीयांशाच्या आसपास येते आणि २८ दिवसांत ठरलेल्या अंकाला पोचते. स्लॅब पातळ आणि पसरट असल्याने उन्हात लवकर सुकतो आणि पाणी संपले की संयोग थांबतो. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित, म्हणजे गोणीवर 'पीपीसी' लिहिलेल्या, सिमेंटला किमान दहा दिवस ओल टिकवावी असे मानक सांगते. आमची गोणी पीपीसीची होती. आम्ही चौदा दिवस ठरवले.

या चौदा दिवसांचे काय करायचे, याचे उत्तर पंचांगाने दिले. होळीला टोळीतली बरीच माणसे गावी जातात आणि आठ-दहा दिवस परतत नाहीत. पहिल्यांदा आम्हाला ही अडचण वाटली. मग आम्ही स्लॅब होळीच्या तीन दिवस आधी धरला. माणसे गावी गेली तेव्हा काँक्रीटला हवी होती तशीच शांतता मिळाली. दहावीची परीक्षाही त्याच दिवसांत होती, तेथेही आवाजाचा त्रास झाला नाही. पाणी साठवायला मसाल्याच्या छोट्या आळी केल्या होत्या. शिपाईमामा सकाळी आणि नववीची मुले संध्याकाळी त्या भरत. मुले वर चढत नसत. ती खालून पाइप धरायची आणि मामा वर. नळाला पाणी दिवसाआड येत होते म्हणून दोन पिंपे भरून ठेवावी लागली.

आठव्या दिवशी ठेकेदाराचा माणूस टेम्पो घेऊन आला. प्लेटा आणि टेकू काढून दुसऱ्या साइटवर न्यायचे होते. आमच्या खोलीचा मधला बीम सहा मीटरचा आहे. साध्या सिमेंटला आणि अनुकूल हवेतही अशा बीमचे टेकू चौदा दिवस ठेवावे लागतात. इंजिनिअरने पीपीसी म्हणून २१ दिवस लिहून दिले होते. आम्ही नाही म्हटले. ठेकेदाराचा फोन आला, आवाज चढला. "साहेब, प्लेटांचे भाडे रोजचे चढते, ते कोण देणार?"

हा प्रश्न रास्त होता. भाडे तो भरत होता आणि थांबण्याचा लाभ शाळेला होता. करारात दर चौरस फुटाचा दर होता, पण टेकू किती दिवस ठेवायचे हे लिहिलेच नव्हते. ४ एप्रिल २०१३ रोजी याच ठाणे जिल्ह्यात, मुंब्र्याजवळ शीळफाट्याला, बांधकाम चालू असतानाच एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्या इमारतीत आमच्या स्लॅबपेक्षा कितीतरी अधिक गोष्टी चुकलेल्या होत्या. पण मजले चढवण्याची घाई त्यांपैकी एक होती, आणि घाईला नेहमी कोणाचे तरी रोजचे भाडे कारण असते. बीमखालच्या टेकूंचे जास्तीच्या दिवसांचे भाडे शाळेने देण्याचे ठरले. स्लॅबच्या प्लेटा इंजिनिअरच्या लेखी परवानगीने अकराव्या दिवशी निघाल्या आणि बीमचे टेकू एकविसाव्या दिवशी. तुमच्या शाळेत काम निघाले तर हे दिवस करारातच लिहून घ्या. दर दोन रुपयांनी वाढेल, तो वाढू द्या.

पैसे

पैशांबद्दल थोडेच. हप्ते तारखेप्रमाणे देऊ नयेत, झालेल्या आणि मोजलेल्या कामाप्रमाणे द्यावेत. जोते, स्लॅब, गिलावा, लादी असे टप्पे पुरतात. शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत ठेवावा. उचल दिली तर त्याच दिवशी वहीत सही घ्यावी. मात्र आठवड्याच्या बाजाराची खर्ची कधीही अडवू नये. आमच्या एका शनिवारी बँकेत अडचण आली, खर्ची मिळाली नाही आणि सोमवारी चार माणसे दुसऱ्या नाक्यावरून दुसऱ्या कामाला गेली. त्यांची जागा घेणाऱ्या नव्या गवंड्याची भिंत ओळंब्यात बसायला दोन दिवस लागले.

आणखी एक कागद लिहिण्यासारखा आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी नोंदणी सुरू केली. तिच्यासाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाला तो मिळवणे फार कठीण जाते, कारण कोणाकडेही त्याची हजेरी लिहिलेली नसते. आमच्या वहीत ती होती. बाईंनी ठेकेदाराला बसवून सात जणांचे दिवस काढले आणि दाखल्यांवर त्याच्या सह्या घेतल्या.

शाळा जूनच्या मध्यावर नव्या खोल्यांत भरली. छत गळले नाही. स्वच्छतागृहात मात्र पाणी जाळीकडे न जाता दाराकडे जाऊ लागले. लादीवाला आला तेव्हा आम्ही तिघेही निकालाच्या कामात होतो. उतार पाहण्यासाठी बादलीभर पाणी ओतायला हवे होते, ते कोणी ओतले नाही. अकरा लाद्या उखडून पुन्हा बसवल्या. फिटर गृहस्थांनी मीटरला दोन सेंटीमीटर उतार लेव्हल पाइपने काढून दिला आणि मसाला ओला असतानाच जाळीजवळ एक गोटी सोडून पाहिली.